जावईबापूंचं झाकण

काचेवरचे बोटांचे ठसे ती ओल्या फडक्याने खसाखसा पुसत होती, तेवढ्यात मागून एक गृहस्थ लेकीला म्हणाले,

"चल गं, ही पेटी रिकामीच आहे."

"रिकामी नाही," मागे वळूनही न बघता ती म्हणाली. "आत आहे. मातीखाली. पाटीवर लिहिलंय."

पाटीवर खरोखरच सगळं लिहिलं होतं. गांडूळसरडा. पाय नाहीत, पण साप नाही. अंगावर गांडुळासारखी वलयं, पण गांडूळ नाही. जन्मभर जमिनीखाली राहतो. तरीही प्राणिसंग्रहालयात येणारा प्रत्येक जण काचेला नाक लावून माती बघायचा आणि कोणीतरी फसवल्यासारखं तोंड करून अजगराकडे जायचा. इथल्या प्राण्यांची देखभाल करताना नऊ वर्षांत "आत आहे" हे तिने किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

त्यात आज साहेबांचा कागद आला होता. पाच वाजेपर्यंत प्राणी दाखवा, नाहीतर पेटी रंग बदलणाऱ्या सरड्याला मिळेल.

"दाखवा म्हणे! माती उकरली की त्याचे बोगदे ढासळणार. यांच्या घराचं छप्पर उचकटून बघितलं तर चालेल का?" ती काच पुसता पुसता पुटपुटली.

"काय बाई, जावईबापू उठले का?" दारातून मामांनी विचारलं.

मामा म्हणजे तिथले वॉचमन. सकाळी कुलपं उघडणं आणि झाडलोट त्यांच्याकडे. पालीला घाबरणाऱ्या माणसाला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दालनावर कोणी नेमलं, हे कोडंच होतं. तिच्यासमोर तरी ते उंबऱ्यावरूनच लांब झाडू फिरवत. कोपरे तिच्या वाट्याला. आणि वर रोज हा जावईबापूंचा विनोद.

"धडधाकट आहेत तुमचे जावईबापू," ती फणकारली. "रोज संध्याकाळी मातीवर बरणीच्या झाकणात तीन अळ्या ठेवते, सकाळी झाकण चाटूनपुसून लख्ख. आणखी काय पुरावा हवा?"

मामांनी झाडून झालेला उंबरा पुन्हा झाडायला घेतला.

साडेचारला तिने नाइलाजाने बाह्या सरसावल्या आणि हातांनी माती बाजूला करायला घेतली. एक कोपरा झाला, दुसरा झाला, तळाची काच लागली. बोगदा एकही नव्हता. तिने सगळी माती पुन्हा एकदा चाळली.

"राहू द्या, बाई." मामा चक्क आत येऊन उभे होते. "तो तुमच्या रजेतच गेला. सकाळी मातीवर पडलेला दिसला. सुपलीत घेऊन मागच्या बागेत पुरला मी."

ती रजा नवरा गेला तेव्हाची. त्या गोष्टीला तीन महिने होऊन गेले होते.

"आणि मला सांगायला काय झालं होतं? तीन महिने लोकांशी भांडतेय मी!"

"सांगणारच होतो. पण तुम्ही आल्या आल्या, डोळे सुजलेले, पहिलं हेच विचारलंत, हा तरी आहे ना? माझ्या तोंडून हो निघून गेलं. मग तेच निभावत बसलो."

तिला मामांचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. आधीची सगळी वर्षं ते झाकण मातीने बरबटलेलं निघायचं. कुठला प्राणी ताट धुऊन ठेवतो? एवढं साधं तिच्या लक्षात येऊ नये!

पाच वाजता साहेब डोकावले.

"काय, आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "पेटी रिकामी आहे."

साहेब मान हलवून निघून गेले. ती मातीचे हात घेऊन तशीच स्टुलावर बसली. मग ते झाकण उचलून म्हणाली,

"झाकण धुवायची काय गरज होती?"

"सवय हो. घरी भांडी मीच घासतो."

"आणि अळ्या? त्या तर जिवंत असायच्या, मामा. वळवळणाऱ्या."

"मला सांगताय?"

"मग उचलायचात कशाने?"

मामांनी दोन्ही हात पँटला पुसले.

"हातानं. डोळे मिटून. काय करणार? चिमटा तुमच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप."