नदीच्या ओटीचा मासा

“यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, लावा पैज!” अशी प्रस्तावना करूनच अतुलकाकांनी आपल्या बायकोची, शैलाकाकूंची, गोष्ट सुरू केली. काकू आत पोहे परतत होत्या.

कोलोरॅडोच्या डोंगरातली ती नदी केवढी? दोन उड्यांत ओलांडावी एवढीशी. पण खालचं अख्खं गाव तिचंच पाणी पितं, कुरणं तिच्याच पाटांवर भिजतात. अशा नदीला रिकाम्या हाताने भेटायचं? काकूंनी तिची ओटी भरायचं ठरवलं. सकाळी नदीच्या मधोमध असलेला दगड कोरडा ठणठणीत होता. पण खण सापडेना, मग नारळ मिळेना. निघेपर्यंत चार वाजले. आणि वर जून महिना! सकाळी शिखरावर वितळलेलं बर्फ दुपार कलल्यावर खाली पोचतं, हे नागपूरच्या माणसाला कोण सांगणार?

काकू दगडावर गेल्या. तांदूळ सोडले, नारळ सोडला, डोळे मिटून हात जोडले. उघडून बघतात तर आलेली वाट पाण्याखाली!

पाणी राखाडी झालं होतं. तळातून धोंडे गडगडत होते, त्याने पायाखालचा दगडही थरथरत होता. पाणी बोटांवर आलं. मग घोट्यांवर. पाय आहेत की नाहीत तेच कळेना. काठावर पुतणी नीना ओरडत होती, पण नुसतं तोंड हलताना दिसत होतं. पाणी पोटऱ्यांवर चढलं. आता पाय सुटला, की आपण थेट खालच्या गावाच्या नळाला येणार...

“बाप रे! मग?” पाहुण्या अनयने हातातला चहा तसाच धरला होता.

“मग काय, मासा आला! या सोफ्याएवढा. ओटीतले तांदूळ त्यानेच खाल्ले होते ना? खाल्ल्या तांदळाला जागला. पाठ पुढे केली, काकू बसल्या, आणि—”

“काका, साफ खोटं!” नीना ताडकन उठली. “काकू काठावरूनच ओटी भरत होती. ‘मध्यावर सोडलं तरच पोचतं’ म्हणून नारळ घेऊन दगडावर तुम्ही गेलात! मी धावत जाऊन कुरणांच्या पाटांना पाणी सोडणाऱ्या बाईंना आणलं, त्यांनी वरच्या अंगाचं पाटाचं दार उघडून नदी पाटात वळवली, पाणी उतरलं, तेव्हा कुठे रांगत आलात. तेही रडत!”