मावशीच्या हातातला हात

छकुली बारा वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून कधी शब्द फुटला नव्हता. मग तिची मावशी कुठल्याशा वर्गाला जाऊन एक पद्धत शिकून आली. छकुलीचं मनगट खालून अलगद धरायचं, समोर अक्षरांचा तक्ता ठेवायचा आणि तिचं बोट जाईल तिकडे जाऊ द्यायचं. काही आठवड्यांतच बोट अक्षरं शोधू लागलं. ‘आई, तू हसलीस की मला बरं वाटतं,’ असं ज्या दिवशी उमटलं, त्या दिवशी छकुलीची आई, म्हणजे मावशीची ताई, बहिणीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

पुढे तक्त्यावर आलं, ‘गोळ्या नकोत. झोप येते.’

गोळ्या फिट्सच्या होत्या. ताई म्हणाली, “तिला नकोत तर बंद करू या.” भाऊजींनी, म्हणजे छकुलीच्या वडिलांनी, मात्र तिला थांबवलं.

भाऊजी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. “औषध लावलेलं बी कुठलं आणि साधं कुठलं, हे रोपं मोजणाऱ्याला आम्ही सांगत नाही,” ते म्हणाले. “माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याला हवं तेच दिसतं. गोळ्या बंद करण्याआधी एकदा पडताळून बघू.”

“माझ्यावर विश्वास नाही?” मावशीने विचारलं.

“विश्वासाचा प्रश्नच नाही. तिला फिट आली तर?”

मावशीला राग आला, पण ती तयार झाली. तिला स्वतःची खात्रीच होती.

टेबलावर मधोमध पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. खालच्या फटीतून मावशीचा हात पलीकडे जाई, आडोशाच्या कडेला ठेवलेला तक्ता दोघींना दिसे, पण चित्र जिचं तिलाच. बंद पाकिटांच्या जोड्या होत्या. काहींत दोघींना एकच चित्र, काहींत वेगवेगळं. भाऊजींनी जोड्या पिसल्या होत्या, म्हणजे कुठे काय आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ताई छकुलीच्या बाजूला बसून तिचं पाकीट उघडत होती.

पहिलं चित्र कपाचं. बोटाने लिहिलं, ‘कप’.

“बरोबर!” ताई ओरडलीच.

मग मावशीच्या पाकिटातून बस निघाली. बोट सरळ ‘ब’वर गेलं, मग ‘स’वर. पलीकडून आवाज आला नाही.

“काय झालं, ताई?”

“काही नाही. पुढचं.”

‘घर’ला ताईचा सुटकेचा सुस्कारा ऐकू आला. ‘नळ’ला पुन्हा शांतता. शेवटी भाऊजींनी जोड्या समोरासमोर मांडल्या. चित्र एकच होतं तिथे सगळं बरोबर. वेगळं होतं तिथे दर वेळी मावशीचंच चित्र लिहिलं गेलं होतं. छकुलीने पाहिलेलं एकही नाही.

“ती बावरली असेल,” ताई म्हणाली.

“असेलही,” भाऊजी म्हणाले. “उद्या सकाळी, ती ताजी असताना, नव्या चित्रांनी पुन्हा करू.”

सकाळीही तेच झालं. मावशी आपल्या हाताकडे बघत राहिली. आपण ढकललं नाही, हे तिने कुणाचीही शपथ घेऊन सांगितलं असतं. छकुलीला गुंगीत बघून आपलाच जीव तुटायचा, हे मात्र तिला आठवलं.

“ताई, गोळ्या नकोत हे माझं होतं गं. मला कळलंच नाही.”

“आणि मी हसले की तिला बरं वाटतं, ते?”

ताई उठून आत गेली.

गोळ्या चालू राहिल्या. ताईचे फोन मात्र बंद झाले. महिनाभराने मावशी न बोलावताच गेली. ताईने दार उघडलं, पाणी दिलं आणि तक्ता आणून समोर ठेवला.

“एकदाच लिहून घे. तुझं असलं तरी चालेल मला.”

“नको गं. तुला खरं वाटेल, मग मलाही वाटायला लागेल.”

“जड झालं का तुला एवढं?” म्हणत ताईने तक्ता उचलला आणि ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला.

छकुली खुर्ची ओढून मावशीशेजारी बसली आणि तिने आपला हात टेबलावर ठेवला, मनगट वर करून. मावशीने तो धरला. सवयीने ठेवला, की माया आहे, की काही हवंय तिला? मावशीने तिच्या चेहऱ्याकडे खूप वेळ पाहिलं. काही कळेना. छकुलीने हात काढून घेतला नाही, म्हणून तिनेही सोडला नाही.