पेरूच्या बागेत ट्रॅक्टरची पारख

वाचकहो, पुढील पानांमध्ये मी श्रीयुत ज्ञानोबा सोनटक्के या विक्रेत्याच्या आयुष्यातील एका महिन्याचे निवेदन करणार आहे. हे गृहस्थ प्रसिद्ध नाहीत व त्यांच्या हातून कोणतेही थोर कार्य घडलेले नाही. तथापि एका छोट्या ट्रॅक्टरच्या विक्रीपायी त्यांच्याशी जे वर्तन झाले ते कोणीतरी लिहून ठेवावे, असे मला मनापासून वाटले. मी त्या ट्रॅक्टरचा चालक होतो. जे डोळ्यांनी पाहिले व कानांनी ऐकले तेवढेच लिहीन.

“सुनीती, ती छत्री आडवी धर. आणखी खाली. हां, आपल्या पेरूची फांदी एवढीच असते.”

शोरूममधल्या ट्रॅक्टरवर बसून राजाभाऊ आपल्या पत्नीला सांगत होते. सुनीतीबाईंनी मिटलेली छत्री त्यांच्या डोक्यावर आडवी धरली होती.

“मान वाकवावी लागतेय, यार.”

“तुमची मान वाकत नाही, त्याला ट्रॅक्टर काय करणार?” सुनीतीबाई म्हणाल्या.

फरीदाबादच्या मथुरा रोडवरील आमच्या शोरूममध्ये दिवसभर हिंदी व हरियाणवीचाच गलका असे. त्यात ही मराठी वाक्ये कानी पडताच ज्ञानोबादादा खुर्चीवरून उठले. त्यांची चालही बदलली. घरी पाहुणे आले असावेत अशा लगबगीने ते पुढे झाले.

“सीट दोन खाचा खाली येते, काका. थांबा, मी करून देतो.”

“अरे, तुम्ही मराठी?” राजाभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “कुठले?”

“मूळचा उदगीरकडचा. इथे कारखान्यात आलो होतो. कारखाना बंद झाला, मी राहिलो.”

“आम्ही चाळीस वर्षं दिल्लीत आहोत. आता तुम्ही भेटलात, मग दुसरीकडे कशाला बघायचं?”

असे म्हणूनही ते दुसरीकडे बघणार होते, हे त्यांनी चहा घेताघेता सांगितले. राजाभाऊ सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाले होते. पलवलच्या बाजूला त्यांची पेरूची बाग होती. दोन ओळींमधून जाईल असा अरुंद ट्रॅक्टर त्यांना हवा होता. त्याच रस्त्यावर दुसऱ्या कंपनीचे दुकान होते व तेथील सतबीर नावाचा विक्रेता त्यांच्याकडे दोनदा जाऊन आला होता. दोन्ही गाड्यांची ताकद सारखी, किंमत जवळजवळ सारखी. “तेव्हा आम्ही मातीत बघून ठरवणार,” राजाभाऊ म्हणाले.

येथे वाचकांना एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. आमच्या मालकांनी त्याच आठवड्यात ज्ञानोबादादांना सर्वांसमक्ष बजावले होते, “इस महीने एक छोटी गाडी निकाल दे, नहीं तो पहली तारीख से घर बैठ.” दादांचे वय पन्नाशीच्या पुढे गेलेले. त्यांची कन्या तेजश्री दिल्लीच्या राजेंद्रनगरमध्ये खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत होती व ती खोली दादांच्या पगारावरच उभी होती. पगार थांबला असता तर तिला पुस्तके आवरून उदगीरला काकांकडे जावे लागले असते. म्हणून राजाभाऊ गाडीत बसून निघून गेल्यावरही दादा फाटकाशी बराच वेळ हात जोडून उभे होते.

आमच्या धंद्यात डेमोची रीत आहे. विक्रेत्याने ट्रॅक्टर, अवजार, चालक व डिझेल घेऊन गिऱ्हाइकाच्या शेतावर जायचे आणि थोडे काम करून दाखवायचे. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. किती करून दाखवायचे, हे मात्र कोठेही ठरलेले नसते.

राजाभाऊंनी आम्हाला व सतबीरला एकाच सकाळी बोलावले. फेब्रुवारीचे दिवस होते, धुके नुकतेच निवळत होते. पूर्वेच्या ओळी सतबीरला, पश्चिमेच्या आम्हाला. उभय ट्रॅक्टर मागे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर लावून झाडांमधून निघाले. राजाभाऊ बांधावर खुर्ची टाकून बसले होते. सुनीतीबाई थर्मासमधून चहा ओतीत होत्या.

चार फेऱ्या झाल्या आणि सतबीरने रोटाव्हेटर उचलून गाडी बांधाला लावली.

“अंकलजी, ट्रायल हो गया.”

“अभी से? उधर की मिट्टी भारी है बेटा, वो भी तो देखनी पडेगी.”

“मिट्टी तो वही है, अंकलजी. खेत जुतवाना हो तो बता देना, मेरे चाचा का लडका भाडे पे आता है.”

एवढे बोलून तो हसला, आंटीजींना नमस्ते केले व निघून गेला. राजाभाऊ त्याच्या पाठीकडे पाहत राहिले. मग ते ज्ञानोबादादांना म्हणाले,

“बघितलंत? बिल्कुल धंदेवाईक. सेवा हा शब्दच यांना ठाऊक नाही.”

“आम्ही आहोत ना, काका,” दादा म्हणाले, आणि त्यांनी मला हाताने पुढची ओळ दाखविली.

त्या दिवशी आम्ही पश्चिमेच्या सर्व ओळी केल्या. सतबीरने सोडलेल्या पूर्वेच्या ओळी राहिल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी केल्या. तदनंतर राजाभाऊंना शंका आली की ही गाडी भार ओढील किंवा नाही. म्हणून ट्रॉली लावून रस्त्याकडेचा शेणखताचा ढीग बागेत आणला. मग सुनीतीबाईंना शंका आली की विहिरीकडच्या फाटकातून ती जाईल किंवा नाही. म्हणून फाटकापलीकडचे तुकडेही नांगरले. मालक डिझेल देईनासे झाले, तेव्हा दादा स्वतःच्या खिशातून कॅन भरून आणू लागले. मालकांना ते रोज सांगत, “पक्का गाहक है, सर. अपने ही लोग हैं.”

रोज दहाच्या सुमारास सुनीतीबाई पोह्यांच्या बशा आणवीत. ज्ञानोबादादांना त्या बागेतल्या घरात आत बोलावीत.

“लिंबू पिळू ना, ज्ञानोबा? इथल्या लोकांना पोहे जमतच नाहीत. त्यात शेव घालतात.”

“काकू, माझ्या बायकोनं, भानुमतीनं, तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी दिलीय.”

“अच्छा? ठेवा तिकडे. तिखट फार असेल ना? तुमच्याकडचे लोक तिखट खातात.”

माझी बशी बाहेर पायरीवर येत असे.

एका सकाळी आम्ही खड्डे घेण्याचे गिरमीट घेऊन गेलो. नवीन खड्डे घेताना इंजिनाचा दम टिकतो का, हे राजाभाऊंना पाहायचे होते. भिंतीलगत पेरूची रोपे काळ्या पिशव्यांमध्ये ओळीने उभी होती. मोकळ्या जागेत फक्कीच्या पांढऱ्या खुणा समान अंतरावर मारलेल्या होत्या, पार कुंपणापर्यंत. मी दादांना बाजूला घेतले.

“दादा, ती रोपं बघा.”

“तयारीचा माणूस आहे.”

“दम बघायला एक खड्डा पुरतो. त्यांनी सगळ्या बागेच्या खुणा मारून ठेवल्यात. हा डेमो नाही, ही लागवड चाललीय.”

“तू सगळ्यांना एकाच मापानं मोजतोस, हरिदास. सतबीरला त्यांनी पायरीच्या वर घेतलं नव्हतं. मला आत बसवतात. परमुलखात मराठी माणूस मराठी माणसाला असा राबवून घेत नसतो.”

“मग मला का बाहेर बसवतात? मी काय पंजाबी आहे?”

“तुझे बूट चिखलाचे असतात,” दादा म्हणाले व फक्की पायाखाली येऊ नये म्हणून जपून पाय टाकीत पहिल्या खुणेकडे गेले.

दुपारपर्यंत मी खुणेमागून खूण घेत गेलो. दादा स्वतः फावड्याने कडेची माती ओढीत होते. शेवटच्या ओळीत जमिनीखाली दगड लागला. गिरमिटाला जबर हिसका बसला, ट्रॅक्टर मागून उचलला गेला व खाली आपटला. मी इंजिन बंद करून पाहिले, तो अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या सांध्यातून तेलाचा थेंब गळत होता.

राजाभाऊ खुर्चीवरून उठून आले. त्यांनी थेंबाला बोट लावले, बोट नाकाशी नेले, मग सुनीतीबाईंना दाखविले.

“गळतंय की हो हे,” सुनीतीबाई म्हणाल्या.

“काका, दगडाचा हिसका आहे. सील बदललं की झालं. आणि तीन आठवडे गाडी नुसती राबतेय.”

“बिल्कुल, बिल्कुल. मी काही म्हणतोय का? फक्त बघून ठेवलं.” मग रुमालाने बोट पुसून ते म्हणाले, “दोनच खड्डे राहिलेत ना? चलो, ते तेवढे उरकून टाका.”

ते दोन खड्डे मी तेल गळत असताना घेतले.

पुढे काही दिवस राजाभाऊंचा फोन आला नाही. महिना संपत आला होता. मालक दादांकडे बघून घड्याळाकडे बघत. शनिवारी सायंकाळी फोन आला. दादांनी तो उभे राहून घेतला.

“ज्ञानोबा, उद्या सकाळी ट्रॅक्टरची पूजा ठेवलीय. तुम्ही आलंच पाहिजे. काकूंनी खास सांगितलंय.”

दादांनी फोन खाली ठेवला. मग मालकांपुढे जाऊन म्हणाले, “सर, निकल गयी.” कागद व्हायचे होते, पैसे यायचे होते. पण मराठी घरात आधी मुहूर्त व मग व्यवहार असतो, असे त्यांनी मालकांना पटवून दिले. मालकांनी नवी कोरी गाडी काढून दिली. दादांनी त्या रात्री तेजश्रीला फोन करून सांगितले की खोली सोडण्याचा विचार आता करू नकोस.

सकाळी झेंडूचे हार, नारळ व भानुमतीवहिनींनी केलेले लाडू घेऊन आम्ही निघालो. नव्या गाडीच्या तोंडाला हार होता. दादा मडगार्डवर बसले होते व वाटेत भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांना हात करीत होते.

राजाभाऊंच्या फाटकात सतबीरचा ट्रॅक्टर उभा होता. त्यालाही हार होता. बाजूला सतबीर पुठ्ठ्याची मोठी सोनेरी किल्ली काखेत धरून उभा होता. आमच्या रस्त्यावरील सर्व दुकाने विक्रीच्या फोटोसाठी अशी किल्ली ठेवतात.

मी गाडी बंद केली. दादा उतरले नाहीत.

“अरे, ही कशाला आणलीत?” राजाभाऊ पुढे आले. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटले होते. “मी फक्त तुम्हाला बोलावलं होतं.”

“काका, तुम्ही म्हणालात, पूजा...”

“हो, पूजा आहेच. अहो, आपलेपणा एकीकडे आणि यंत्राची निवड एकीकडे. तुमच्या गाडीनं एवढं काम केलं, तिची सगळी दुखणी मला दिसली. लिफ्ट गळते. सतबीरची गाडी महिनाभरात एकदाही बिघडली नाही.”

“ती चार फेऱ्याच चालली,” मी म्हणालो.

“तुला कोणी विचारलं?” सुनीतीबाई म्हणाल्या.

ज्ञानोबादादा आता खाली उतरले होते. त्यांच्या हातात लाडवांचा डबा होता. सुनीतीबाईंनी तो घेतला, झाकण उघडून पाहिले व आत पाठविला.

“आता एक करा, ज्ञानोबा,” त्या म्हणाल्या. “ह्या सतबीरला आपली पूजा येत नाही. स्वस्तिक, हळदकुंकू, आरती, सगळं नीट झालं पाहिजे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. दिल्लीत वेळेवर आपला माणूस मिळतो कुठे?”

मला वाटले, दादा आता परत फिरतील. त्यांनी चपला काढल्या. सतबीरच्या ट्रॅक्टरच्या नाकावर त्यांनी कुंकवाचे स्वस्तिक काढले, चारही बाजू सारख्या. चाकांना हळद लावली. आरती म्हटली. राजाभाऊंना पुढचे कडवे येत नव्हते, ते ओठ हलवीत राहिले. नारळ एका घावात फुटला.

सतबीर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “मैंने तो पहले दिन ही बोल दिया था, भाई. तेरे वाला समझा ही नहीं.” त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, व ते मला अधिक लागले.

मग फोटो. राजाभाऊ, सुनीतीबाई व सतबीर तिघांनी सोनेरी किल्ली धरली. फोन कोणी धरावा असा प्रश्न आला व तो दादांच्या हाती दिला गेला.

“काकू, थोडं अलीकडे,” दादा म्हणाले. “सतबीर, चाबी सीधी रख, कंपनी का नाम कट रहा है.”

त्यांनी दोन फोटो काढले. दोन्ही उत्तम आले.

परतीच्या वाटेवर हमरस्त्याला लागताच मालकांचा फोन आला. सतबीरच्या दुकानाने फोटो सर्वांना पाठविला होता. मी गाडी कडेला घेतली. मालकांचा आवाज मलाही ऐकू येत होता. दादा केवळ “जी” म्हणत होते. शेवटी मालक म्हणाले, “गाडी हरिदास ले आएगा. तू आने की जरूरत नहीं. और दुकान की शर्ट उसी के हाथ भेज देना.”

“जी,” दादा म्हणाले.

रस्त्याने ट्रक जात होते. दादा ट्रॅक्टरच्या आडोशाला गेले. त्यांनी स्वेटर काढला, दुकानाचे नाव छापलेला शर्ट काढला व बनियनवरच पुन्हा स्वेटर चढविला. मग सीटवर शर्ट पसरून त्यांनी वरचे बटण लावले, बाह्या मागे दुमडल्या व नव्या कपड्यासारखी चौकोनी घडी केली. ती माझ्या हाती देताना त्यांनी कॉलर उलगडून मला दाखविली.

“धुवायला देशील तेव्हा इथे साबण जास्त लावायला सांग. बागेची माती आहे, लवकर निघत नाही.”

मी शर्ट घेतला. ते बल्लभगढच्या बसची वाट पाहत कडेला उभे राहिले.

येथे हे निवेदन पूर्ण होते. आपला अमूल्य वेळ देऊन एका अपरिचित माणसाची हकीकत वाचल्याबद्दल सर्व वाचकांचा मी ऋणी आहे.

— हरिदास कासार, ट्रॅक्टर चालक, फरीदाबाद