परक्या आवारात

मी बोलतेय, नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावातली, नीळकंठच्या दारातली राखाडी गाडी. माझे पहिले मालक एक डच मास्तर. ते सगळीकडे सायकलनंच जायचे, त्यामुळे माझं तारुण्य उभ्या उभ्याच गेलं. नीळकंठनं मला विकत घेतलं तेव्हा कुठे मी रस्ते पाहिले. तो इथे इंजिनियर आहे. मला चालवते मात्र बहुतेक वेळा त्याची बायको, पूर्णिमा.

या उन्हाळ्यात नीळकंठचे वडील दिनकरराव पुण्याहून आले. एकदा पूर्णिमा त्यांना डॉक्टरांकडे नेत होती, तर वाटेतच त्यांना धाप लागली. दवाखान्यापुढे जागा नव्हती. तिनं मला शेजारच्या ऑफिसच्या आवारात घातलं आणि सासऱ्यांना धरून आत धावली. पिवळ्या जाकिटातला एक माणूस आला, त्यानं माझ्या नंबरप्लेटचा फोटो काढला आणि निघून गेला. मी बघत राहिले. करणार काय?

पुढे त्या आवाराची देखरेख करणाऱ्या खासगी कंपनीचं दंडाचं पत्र आलं.

"भरून टाकू," नीळकंठ माझ्या दाराशी उभा राहून म्हणाला. "व्हिसाचं रिन्यूअल तोंडावर आलंय."

"अरे, हा सरकारी दंड नाही," पूर्णिमा म्हणाली. "व्हिसाचा काय संबंध? आपण कारण कळवू."

तिनं कळवलं. कंपनीनं ऐकलं नाही. मग वसुलीची धमकी आली आणि दोघांचे आवाज चढू लागले, घरात आणि माझ्यात बसल्यावरही. मागच्या सीटवर बसलेल्या दिनकररावांनी एकदा ते सगळं ऐकलं. त्यानंतर ते माझ्यात बसेनात. तपासणीची तारीख आली, तरी म्हणाले, "मला बरं वाटतंय. उगाच कशाला?"

माणसांची ही सवय मला कळत नाही. दुखतं एकाला, आणि लपवतो तोच.

मग ती सकाळ आली. नीळकंठ कामावर गेला होता. दिनकरराव एकटेच बाहेर आले आणि त्यांनी माझ्या बॉनेटवर हात टेकला. तळवा घामानं गार पडला होता. श्वास तुटत होता. घरात फोन होता, शेजारीही घरात होते. पण त्यांनी कुणाला हाक मारली नाही. मला हॉर्न आहे, पण तो मला स्वतःला वाजवता येत नाही. तेवढ्यात कोपऱ्यावरून पूर्णिमाची सायकल वळली. तिनं सायकल तिथेच टाकून दिली.

"बाबा! कधीपासून होतंय हे?"

"नको ग... परत कुठेतरी गाडी लावशील..."

"लावीन! बसा आधी."

तिनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ताबडतोब आणा. दवाखान्यापुढे आजही जागा नव्हती. पूर्णिमानं क्षणभरही विचार न करता मला त्याच आवारात वळवलं. आणि तोच पिवळ्या जाकिटातला माणूस समोरून आला. त्यानं फोन वर धरला.

पूर्णिमानं मागचं दार सताड उघडलं आणि इंग्रजीत ओरडली, "फोटो नंतर काढा! आधी यांना धरा!"

त्यानं आत पाहिलं. फोन खिशात घातला. दिनकररावांना एका बाजूनं त्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं तिनं. मी दार उघडं टाकूनच उभी राहिले. थोड्या वेळानं अँब्युलन्स त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. माझं दार त्या माणसानंच लावलं.

वेळेवर पोचले म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. पूर्णिमानं कंपनीला पुन्हा लिहिलं, आणि त्या माणसानंही आपल्या ऑफिसात जे पाहिलं ते सांगितलं. पहिला दंड मागे घेतला गेला. दुसरा आलाच नाही.

आता माझे ब्रेक कुरकुरतात, रंग उडालाय. लवकरच मला विकतील. माझी कसली तक्रार नाही. एवढंच सांगते, घरातलं म्हातारं माणूस 'बरं आहे' म्हणालं, तरी जरा त्याच्याजवळ बसा.

काल दिनकरराव दारात आले आणि आत तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "पूर्णिमा, छातीत जरा जड वाटतंय ग. गाडी काढ."