कोंडीबाच्या कपाळावरचं कुंकू

"काका, मधे बोट लावू नका, कडेनं धरा," विश्वजीत म्हणाला, तसं भाऊसोंनी आपल्याच देव्हाऱ्यातून काढलेलं चित्र चोरी पकडली गेल्यासारखं टेबलावर ठेवून दिलं.

विडीच्या बंडलांवर पूर्वी पैलवानांची रंगीत चित्रं असायची. विश्वजीत ती जमवायचा आणि या एका चित्रासाठी साताऱ्याहून गाडी मारत कुपवाडला आला होता. भाऊसोंना मात्र वाटत होतं, आपलं चित्र खरं नसणार. उभा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेला, तरी स्वतः घडवलेला सुटा भाग ते दुसऱ्याकडून मापून घ्यायचे.

विश्वजीतनं भिंग लावलं. चारी कोपरे एकेक करून तपासले.

"खोटं हाय न्हवं?" भाऊसोंनी विचारलं.

"अस्सल हाय, काका! जी चित्रं लय छापली, ती आज कुणी फुकट घेत न्हाई, पैलवान कितीबी मोठा असू दे. ह्या कोंडीबा पैलवानांचं मात्र सगळे हुडकत्यात. ते स्वतः जाऊन विडीच्या मालकापुढं बसले. म्हणाले, पोरं माझ्या चित्रापायी बंडलं घ्याय लागली, काढा ते. छपाई थांबली. बाहेर पडली तेवढी पोरांनी खेळून फाडली. कोपरे शाबूत, घडी न्हाई, असं मी पयल्यांदाच बघतोय." मग तो वाकला. "हा कपाळावर डाग कशाचा?"

"कुंकू हाय ते," राहीबाई आतून चहा घेऊन आल्या. "सासूबाई लावायच्या. दर नागपंचमीला."

"पैलवानाला कुंकू?" विश्वजीत हसला.

"मग काय पावडर लावायची?"

चहा संपवून त्यानं खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढलं. "सांगलीच्या प्रदर्शनात मधोमध लावतो. खाली तुमचं नाव. त्याआधी पुण्याचा एकजण डाग काढून देईल. कणभरबी राहणार न्हाई."

भाऊसोंनी होकारार्थी मान हलवली. आयुष्यभर सगळ्यांपुढं ती अशीच हलत आली होती. शिवाय पोराचं बोलणंही खोटं नव्हतं. मुलगा बंगळूरला, आपल्यामागं देव्हाराच राहील की नाही कुणास ठाऊक. चित्र जाणत्या माणसाच्या हाती पडत होतं. राहीबाई नुसत्या नवऱ्याकडं बघत उभ्या राहिल्या. चित्र पाकिटात सरकलं.

"जरा थांबा," भाऊसो म्हणाले. आवाज इतका बारीक, की त्यांनाच पुन्हा म्हणावं लागलं. "थांबा जरा."

विश्वजीत थांबला.

"आमी तवा कुंडलला. मला नुकता शाळंत घातला हुता. टायफॉईड झाला, पाय जमिनीवर ठरंनात. डाक्टर म्हनला, दूध पाजा. घरात शेळीबी न्हवती. कोंडीबा तालमीतनं जाताना आपल्या खुराकातलं अर्धं दूध आमच्या उंबऱ्यावर ठिवून जायचा. आई नको म्हनायची, तर म्हनायचा, 'मला जास्त हुतंय, वैनी.'" भाऊसोंनी चष्मा काढला. "पैलवानाला दूध कवा जास्त हुतं व्हय?"

विश्वजीतनं पाकीट टेबलावर ठेवलं.

"मी उठून हिंडाय लागलो. त्या नागपंचमीच्या कुस्त्यांच्या मैदानात कोंडीबा चितपट झाला. लोक त्याला लय बोलले. आईनं चुलत्याच्या बंडलावरचं चित्र वाफंवर सोडवलं आन् देवात ठिवलं. म्हनूनच ते पोरांच्या हाती लागलं न्हाई. तुमी चांगलंच सांगताय, पर... ते कुंकू ऱ्हाऊ द्या."

विश्वजीतनं चित्र पाकिटातून काढलं. या वेळी त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं.

"फोटो घेऊ का, काका? कुंकवासकट?"

"घ्या की."

गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी विरला. भाऊसोंनी चित्र परत देवांत टेकवलं. आई गेल्यापासून त्या कपाळाला कुणी हात लावला नव्हता; कुंकू विटून तपकिरी झालं होतं. आपल्याला ते शोभेल का, चुकेल का, या विचारात कितीतरी नागपंचम्या गेल्या होत्या.

राहीबाईंनी न बोलता करंडा पुढं केला.

भाऊसोंनी बोट बुडवलं. बोट घसरलं आणि कुंकू भुवईवर फराटलं.

"घ्या! आता तर कुणीच घ्यायचं न्हाई ते," राहीबाई म्हणाल्या.

भाऊसो खुदकन हसले. मग आत जाऊन त्यांनी वाटीभर दूध आणलं आणि कोंडीबापुढं ठेवलं. वाटी काठोकाठ भरलेली होती.