दोन माणसांची कात्रणसेवा

फोन आला तेव्हा तो एका दशांशावरून भांडत होता. राज्याच्या उत्पन्नात माहिती सेवा उद्योगाचा वाटा तीन पूर्णांक चार टक्के धरायचा की तीन पूर्णांक पाच, यावर. सांख्यिकी कार्यालयात सगळे त्याला दशांशराव म्हणत, ते उगाच नव्हे.

"भावोजी, घरी या," मेहुणी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"ताईला दे फोन."

"भावोजी, तुम्ही या फक्त." तेव्हा त्याला कळलं, बायको गेली.

वीस दिवसांनी तो कामावर आला, पण खुर्चीत बूड टिकेना. पाणी प्यायला उठे आणि न पिताच परत येई. शेवटी विभागप्रमुख बाईंनी त्याला हाक मारली.

"एक फॉर्म अडलाय, दशांशराव. तुमच्याच घरचा."

त्याची बायको घराच्या मागच्या खोलीत कात्रणसेवा चालवायची. रोज सात वर्तमानपत्रं कापायची, विषयवार फायली लावायची. वकील, संशोधक फोन करून जुनी बातमी मागायचे. माहिती सेवांच्या पाहणीत तिचं नाव चिठ्ठीत निघालं होतं. तिच्यासारख्या चाळीस लहान सेवांच्या वतीने ती एकटी उत्तर देई. "अहो, चाळीस जणींचं काम करते मी," ती म्हणायची, "आणि चहा मात्र एकच कप?"

"फॉर्म आला नाही म्हणून मागच्या वर्षीचाच आकडा पुढे ओढू," बाई म्हणाल्या. "कोण विचारतंय?"

"आणि ती वर्षभर कामावर, असं ना?"

"मग 'बंद' लिहा."

"म्हणजे चाळीस कात्र्या एका फटक्यात बंद."

"अहो, मग करायचं तरी काय? परवा तक्ता वर जायचाय."

आकडे पुढे ओढणाऱ्यांना आजवर त्याने कमी झापलं नव्हतं. तो टोपी उचलून बाहेर पडला. बसस्टॉपवर उभं राहवेना म्हणून घरापर्यंत चालत गेला.

मागच्या खोलीत त्याने तिचे खण एकेक करून उपसले. डिंक, कात्र्या, तारखेचे शिक्के. फॉर्म तिसऱ्या खणात होता, अर्धा भरलेला. 'कामावरील माणसं' या रकान्यात तिने लिहिलं होतं : दोन.

त्याचं डोकंच फिरलं. "अगं, एक!" तो मोठ्याने म्हणाला. "दर वर्षी सांगतो, एक लिही म्हणून!"

मग तो फेऱ्या मारू लागला. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. चौथ्या फेरीला थबकला. घरचं माणूस बिनपगारी राबत असलं तरी ते मोजायचं, हा नियम दर प्रशिक्षणात तोच घसा फोडून सांगत असे. आणि दर रविवारी या टेबलाशी बसून कात्रणांना डिंक कोण लावत होतं? पाठीमागे तारखा कोण लिहीत होतं? फायलींवरचं निम्मं अक्षर त्याचंच होतं. सगळ्या राज्याची माणसं मोजली, स्वतःला मोजायचं तेवढं राहून गेलं.

त्याने बाईंना फोन लावला.

"फॉर्म सापडला. माणसं दोन आहेत. दुसरा मी."

"मग नियमाने ती सेवा बंद नाही म्हणता येणार," बाई म्हणाल्या. "एक माणूस आहे."

"आहे खरा."

"पण तो काम करतोय का? चालू की बंद, ते तुम्हीच सांगा. परवापर्यंत."

त्याने फोन ठेवला, तोच पुन्हा वाजला. तिचा जुना वर्गणीदार, वकील.

"ताई आहेत का? जुन्या पुलाच्या मोजणीची बातमी हवी होती."

"ताई नाहीत," तो म्हणाला. ते वाक्य त्याने पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. "ताई गेल्या. मी बघतो. पूल... 'प'मध्ये असेल."

'प'मध्ये नव्हती. तिने ती 'नदी'खाली लावली होती, आणि ती शोधायला त्याला तासभर लागला. कात्रणामागची तारीख त्याच्याच अक्षरात होती. त्याने वकिलाला उलट फोन करून बातमी वाचून दाखवली. वकिलाने दोनदा थांबवून लिहून घेतली.

दाराशी वर्तमानपत्रांची चळत कमरेएवढी झाली होती. त्याने वरचं पहिलं उचललं, कात्री शोधली, पुन्हा खाली ठेवली.

वीस दिवसांची वर्तमानपत्रं कापायची आहेत. फॉर्ममधला चालू की बंद हा रकाना भरायचा आहे.