धुऱ्यावरचं नाव

माझे सासरे इंदरलाल यांनी जन्मात कधी कॉम्प्युटरला बोट लावलं नाही. पण माझ्या नवऱ्याला इंटरनेटवर एकदाच काही विकायचं होतं, त्यात नेमकी त्यांनी टांग अडवली. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

धनेंद्रचं गोंदियात सायबर कॅफे होतं. गिऱ्हाईक नसलं की हा बसून उद्योग करायचा. त्यातच एकदा त्यानं आमच्या गावाचं नाव घेऊन ठेवलं: सोनपांढरी डॉट कॉम. म्हणजे इंटरनेटवरचा तेवढा पत्ता, जगात एकच, आणि तो याच्या मालकीचा. दर वर्षी भाडं भरायचा आणि त्यावर करायचा काहीच नाही. "पडीत जमीन घेऊन ठेवली का?" म्हणून मी त्याला चिडवायची.

२००९ मध्ये त्या पडीत जमिनीला गिऱ्हाईक आलं. चुन्नीलालजी, गोंदियाचे राइस मिलवाले. सोनपांढरीच्या वासाच्या तांदळाला त्यांना बाहेर बाजार सापडला होता आणि पिशवीवर हेच नाव छापायचं होतं. त्यांनी सांगितलेल्या किमतीत गोंदियालगत फुलचूरच्या आमच्या प्लॉटवर तीन खोल्या सहज उठत होत्या. भाड्याच्या खोलीत सहा वर्षं काढलेल्या बाईला तीन खोल्या म्हणजे काय, ते दुसऱ्याला कळायचं नाही. मी मनातल्या मनात ओटासुद्धा बांधून टाकला होता.

सासऱ्यांना हे कळलं तसं त्यांनी एकच विचारलं, "धुऱ्यावाल्यायले इचारलं का?"

आमच्याकडे रीतच आहे. बांधी, म्हणजे धानाचं शेत, विकायची तर ज्याचा धुरा, म्हणजे बांध, तिला लागून आहे त्याला आधी विचारायचं. तो नको म्हणाला तरच बाहेरच्याला द्यायची. पण ही बांधी होती का?

"बाबूजी, इसमें धुरा कहाँ है?" चुन्नीलालजी हसत म्हणाले.

"गावाचं नाव आहे ना? मंग सारा गाव धुऱ्यावर आहे," सासरे म्हणाले. "इचारल्याबिगर मी इकू नाई देणार."

हातातोंडाशी आलेला घास असा अडला. धनेंद्र बापापुढे बोलेना, आणि मी सून. मी भांडी आपटली.

रविवारी तळ्याच्या पाळीवर, मारुतीच्या देवळापुढे गाव जमला. चुन्नीलालजी जीप घेऊन आले होते. नावाचं काय करतात ते सांगता सांगता धनेंद्रला घाम फुटला. सासरे मात्र एकेकाचं नाव घेऊन शांतपणे विचारत होते, "तुले पाहिजे का? नाई तं हे इकून राहिले."

"आमाले कायले लागते?" शेजारचे भैयालाल म्हणाले. "इक ना, बाप्पा."

सगळे तेच म्हणाले. मला हायसं वाटलं. शेवटी सासरे देवळाच्या पायरीकडे वळले. तिथे धुरपताबाई बसली होती. एकटी बाई, गावात तिची टीचभर जमीन नाही; जन्मात तिला कोणी धुऱ्यावाली म्हटलं नव्हतं. सासऱ्यांनी तिलाही तसंच विचारलं. ती आधी मागे वळून पाहायला लागली, की हे कुणाला विचारतात. मग पदर सारखा करून म्हणाली, "इका. सूनबाईचं घर होऊ द्या."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, घरासाठी नाही आलं. माझे वडील केशोराव डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांच्या सख्ख्या भावानं लागून असलेली बांधी परक्याला विकली, ती न विचारता. बाबांना कळलं ते नव्या मालकाचा ट्रॅक्टर त्यांच्या शेताच्या वाटेवरून फिरला तेव्हा. तेव्हापासून धानाचे भारे डोक्यावर घेऊन ते वळसा घालून यायचे. वाट गेल्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. मला साधं विचारलं नाही, एवढंच ते म्हणत राहिले.

चुन्नीलालजींनी कागद काढला, आणि डोक्यावरचा पदर सावरत मीच बोलले, "वाट राह्यली."

"कौन सी वाट?"

"बांधी इकली तरी मागच्या बांधीवाल्याची वाट सोडा लागते. या नावावर गावासाठी एक पान सोडा. आमचं तळं, आमचे लोक. अन् पुढं कोनाले इकलं तरी ते पान राह्यलं पाहिजे."

चुन्नीलालजींनी कपाळाला हात लावला. बराच वेळ घासाघीस झाली. पान सुटलं, पण किंमत उतरली. किती, ते मला तिथेच समजलं: तिसरी खोली गेली. धनेंद्र माझ्याकडे असा पाहत होता, जणू बापापेक्षा बायकोच जड निघाली. सासरे तळ्याकडे बघत होते. परतताना एवढंच म्हणाले, "चांगलं केलं, बाई."

दोन खोल्या झाल्या. तिसरीच्या जागेवर मी वांगी लावते. पाहुणे आले की अडचण होते, आणि तेव्हा मला माझाच राग येतो, हेही खरं.

सासरे जाऊन दोन वर्षं झाल्यावर, २०१६ च्या उन्हाळ्यात, धनेंद्रचा फोन घरी राहिला होता तो वाजला. मी उचलला.

"बहू, चुन्नीलाल बोल रहा हूँ. मिल बंद कर रहा हूँ. वो नाम हैदराबादवाले माँग रहे हैं." मग म्हणाले, "तुम्हारे ससुर कहते थे ना, पहले धुरेवाले से पूछना पड़ता है. तो पूछ रहा हूँ. तुमको चाहिए क्या?"

मी खिडकीतून वांग्यांकडे पाहिलं. आम्हाला ते नाव परवडणारं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"नको, भैयाजी. इका. वाट तेवढी सोडा."

"वो तो लिखवा दी, बहू."

फोन ठेवला आणि लगेच माहेरी लावला. बाबांना आता कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडूनच सांगितलं, "बाबा, आज मले इचारलं! इकाच्या आधी मले इचारलं!"

मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"मंग," बाबा हळूच म्हणाले, "तू काय म्हनली?"